तीस लाखांत जर्मन स्पोर्ट्‌स कार? आधी सीटबेल्ट ओढून बघा

माझा भाचा गेले तीन महिने जुनी पोर्श शोधून राहिला आहे. दिवसा मिहानला नोकरी, रात्री फोनवर गाड्यांच्या जाहिराती. बजेट तीस लाख. परवा रविवारी सकाळी तर्री पोह्यांच्या ठेल्यावर त्याने फोन माझ्यापुढे सरकवला. "मामा, पाहा ना. बॉक्स्टर. अठ्ठावीस लाख! लोक एवढ्यात एसयूव्ही घेऊन राहिले." तर्रीची वाटी फोनवर कलंडायच्या आत मी फोन बाजूला केला आणि विचारलं, "नागपुरात हिचं बोनेट कोण उघडणार?"

"बोनेट मीच उघडीन. तिथे बॅग ठेवायची जागा आहे," तो हसला. खरंच होतं त्याचं, बॉक्स्टरचं इंजिन पुढे नसतंच. पण माझ्या प्रश्नाला ते उत्तर नव्हतं.

मग दुसरी प्लेट आली, तिसरा चहा आला आणि तासभर बोलणं झालं. ते इथे जरा नीट मांडतो, कारण हा प्रश्न आता एकट्या त्याचा नाही. दहा-बारा वर्षं जुन्या जर्मन स्पोर्ट्‌स कार भरल्या एसयूव्हीच्या भावात यायला लागल्यात, आणि त्या शोधणारी पोरं माझ्या ओळखीतच तीन-चार आहेत. चार नावं फिरून फिरून समोर येतात: बीएमडब्ल्यूची झेड४, मर्सिडीजची एसएलके, ऑडीची टीटी आणि पोर्शची बॉक्स्टर, किंवा तिचीच पक्क्या छताची बहीण केमन.

आधी भावाचं गौडबंगाल. यातली एकही गाडी भारतात जुळवली गेली नाही. झेड४ची ज्या पिढीची गाडी या बजेटात येते ती जर्मनीत रेगेन्सबुर्गला बनली, एसएलके ब्रेमेनला, टीटी हंगेरीत ग्योरला, आणि बॉक्स्टरच्या जुन्या पिढ्यांतल्या बऱ्याच गाड्या तर फिनलंडमध्ये. तयार गाडी बंदरात उतरली की तिच्यावर आयात शुल्क, त्या त्या वर्षीच्या नियमाप्रमाणे साठ टक्क्यांपासून शंभर टक्क्यांपर्यंत. त्यावर बाकीचे कर, मग आरटीओचा कर. म्हणजे पहिल्या मालकाने मोजलेल्या पैशांतला मोठा हिस्सा गाडीचा नव्हताच, सरकारचा होता. गाडी जुनी झाली की त्या हिश्शाला कोणी विचारत नाही. म्हणून भाव धाडकन पडतो आणि आपल्याला वाटतं, घबाड सापडलं.

पण गाडीचा भाव पडला म्हणून तिच्या ब्रेक डिस्कचा पडत नाही. डिस्क आजही बाहेरूनच येते, आजच्या युरोच्या दराने, आजचं शुल्क भरून. अठ्ठावीस लाखांच्या बॉक्स्टरचं दुरुस्तीचं बिल नव्या बॉक्स्टरच्या बिलाशेजारी ठेवलं तर ओळखू येणार नाही. उलट जुनीची बिलं जास्त वेळा येतात.

मी हे ऐकीव सांगून राहिलो नाही. माझ्याकडे एक जुनी जर्मन सेडान होती. कोणत्या कंपनीची ते जाऊ द्या. मे महिन्यात भर दुपारी वर्धा रोडवर तापमानाचा काटा चढला. पाण्याचा पंप गेला होता. नवा मागवला, तर आला तो दुसऱ्याच इंजिनाचा. परत पाठवला. पाच आठवडे गाडी गॅरेजच्या आवारात पिंपळाखाली उभी, टपावर पाखरांची नक्षी, आणि मी ऑफिसला स्कूटरवर. बरोबर पंप आल्यावर तो बसवायला लागले तीन तास. तेव्हापासून गाडी बघताना माझा पहिला प्रश्न पिकअपचा नसतो. हिचा पार्ट किती दिवसांत येईल आणि तो बसवणारा हात नागपुरात आहे का, एवढंच मी विचारतो.

आता गाड्यांकडे येऊ. चौघींतला खरा फरक इंजिन कुठे बसवलंय याचा आहे. हा फरक ज्याने कधी स्कूटरवरून गॅस सिलिंडर आणला त्याला लगेच कळेल. सिलिंडर पायांमधे ठेवला तर वजन आपल्याखालीच असतं आणि स्कूटर वळणावर सांगाल तशी झुकते. तोच मागच्या सीटवर बांधला की पुढचं चाक हलकं होतं आणि वळणावर मागचं अंग स्वतःच्या मर्जीने निघतं. आणि हँडलच्या पुढे टांगला, म्हणजे तसा कोणी टांगत नाही, पण समजा टांगलाच, तर हँडल वळवलं तरी स्कूटर सरळच जायला बघते.

बॉक्स्टर आणि केमनचं इंजिन पायांमधल्या सिलिंडरच्या जातीचं: चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, गाडीच्या पोटात. मागच्या सीटवरचा सिलिंडर म्हणजे पोर्शचीच ९११, पण ती या बजेटात बसत नाही. टीटीचं इंजिन पुढे आणि तेही आडवं, कारण टीटीचा सांगाडा फोक्सवॅगन गोल्फच्या घराण्यातला. झेड४ आणि एसएलकेमध्ये इंजिन पुढेच, पण उभं, जमेल तेवढं मागे ढकललेलं, आणि ताकद मागच्या चाकांना. म्हणूनच झेड४चं बोनेट एवढं लांबलचक आणि चालक जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. पार्किंगमध्ये तिचं नाक कुठे संपतं हे कळायलाच आठवडा जातो.

शहरात सिग्नल ते सिग्नल चालवणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. कळतं ते परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना. बॉक्स्टर वळणात अशी शिरते की गाडी आपल्या कमरेभोवती फिरते आहे असं वाटतं. झेड४ला वळणाच्या आधी थोडं थांबून, मग रेस द्यावी लागते, आणि तशी दिली की ती मागून ढकलत मजेत निघते. एसएलकेला घाईच नसते. टीटी घट्ट धरून जाते, क्वाट्रो म्हणजे चारही चाकांना ताकद असल्यामुळे पावसातही, पण तिच्यात ती खोडकर मजा जरा कमी. बॉक्स्टर सगळ्यांत चांगली चालते, हे मी भाच्याजवळ मोकळेपणाने मान्य केलं. त्याने लगेच टेबलावर थाप मारली. "पण," मी म्हटलं.

त्या ‘पण’आधी एक गंमत. कंपन्यांच्याच आकड्यांप्रमाणे शून्य ते शंभरला तिसऱ्या पिढीची टीटी ५.३ सेकंद घेते आणि एसएलके ३५० घेते ५.६. झेड४ ३५आय या दोघींच्या किंचित पुढे. आणि २.७ लिटरची बॉक्स्टर, पीडीके या पोर्शच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससह? ५.७. म्हणजे चौघींत सगळ्यात लहान, दोनच लिटरचं इंजिन असलेली टीटी पोर्शच्या पुढे. झेड४ आणि एसएलकेची ताकद तर योगायोगाने सारखीच, ३०६ अश्वशक्ती. तेव्हा सिग्नलवर कोणाला मागे टाकायचं एवढाच हेतू असेल तर पोर्शसाठी जीव टाकण्यात अर्थ नाही.

आता तो ‘पण’. बॉक्स्टर हे नाव ‘बॉक्सर’ आणि ‘रोडस्टर’ (म्हणजे उघड्या छताची गाडी) या दोन शब्दांची सांधेजोड आहे. तिच्या इंजिनात पिस्टन उभे नसतात, दोन्ही बाजूंना आडवे असतात आणि समोरासमोरच्या दोन पैलवानांनी एकाच वेळी ठोसे मारावेत तसे चालतात. इंजिन बसकं, वजन जमिनीलगत, आवाज ऐकत राहावा असा. पण २००८ पर्यंतच्या इंजिनांत एक मधला दांडा आहे, क्रँकशाफ्टची गती व्हॉल्व्हच्या साखळ्यांकडे नेणारा. त्याच्या टोकाला एक बेअरिंग. आयएमएस बेअरिंग म्हणतात त्याला, आणि जगभरचे पोर्शवाले ते नाव हळू आवाजात घेतात. ते फुटलं की साखळी ढिली पडते, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात आणि इंजिनाचे बारा वाजतात. सगळ्यांचंच फुटतं असं नाही. २००६ च्या सुमारास आलेलं मोठं बेअरिंग बरंच टिकाऊ निघालं, मात्र ते बदलायचं झालं तर अख्खं इंजिन फोडावं लागतं. २००९ च्या मॉडेलपासून आलेल्या नव्या इंजिनात हा दांडाच नाही. भाच्याच्या जाहिरातीतली गाडी २००७ ची होती. वर्ष सगळ्यात खाली लिहिलं होतं, फोटो संपल्यावर.

दुसरी अडचण नागपूरची. बीएमडब्ल्यू, मर्सिडीज आणि ऑडीवाले नागपुरात आहेत, पोर्शचं केंद्र नाही. बॉक्स्टरचं इंजिन वरून दिसतही नाही. मागच्या डिकीत ऑइल आणि कूलंट ओतायची दोन तोंडं आहेत, बस. बाकी सगळं गाडी लिफ्टवर चढवून खालून. आपल्याकडे हाताला गुण असलेले मिस्त्री पुष्कळ आहेत, पण ज्याने हे इंजिन कधी उघडलं नाही त्याने ते पहिल्यांदा आपल्याच गाडीवर शिकू नये. म्हणजे मोठं काम निघालं की गाडी ट्रेलरवर टाकून मुंबईला. तिचे रेडिएटरही पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, जाळीमागे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुलिंबाची पानगळ सुरू झाली की ती पानं तिथे जाऊन बसतात, कुजतात, आणि मेमध्ये गाडी तापते. हे काम स्वस्त आहे, वर्षातून एकदा बंपर उतरवून साफसफाई. पण ते करायचं असतं हे जुन्या मालकाला माहीत होतं का, ते त्याला विचारून बघा. चेहऱ्यावरून कळेल.

झेड४वर माझं स्वतःचं मन आहे, ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं त्या बेताने वाचाल. २००९ ची ई८९ पिढी, छत पत्र्याचं, वीस सेकंदांत घडी होऊन डिकीत जाणारं. भारतात आलेल्या ३५आयमध्ये सहा सिलिंडर एका ओळीत. या रचनेत पिस्टन जोडीजोडीने वर-खाली होतात आणि एका जोडीचा धक्का दुसऱ्या जोड्या खाऊन टाकतात, त्यामुळे इंजिन लोण्यासारखं फिरतं. त्यावर दोन टर्बो. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराने फिरणारा पंखा. तो इंजिनात जादा हवा कोंबतो. एन५४ असं या इंजिनाचं नाव, आणि त्याची दुखणीही नावाएवढीच प्रसिद्ध. पेट्रोलचा हाय प्रेशर पंप इतक्या गाड्यांत गेला की अमेरिकेत कंपनीने त्याची वॉरंटी दहा वर्षं किंवा १ लाख २० हजार मैलांपर्यंत वाढवून दिली. इंजेक्टर महागडे. टर्बोची झडप झिजली की रेस सोडताना डब्यात खिळे खुळखुळावेत तसा आवाज येतो. पाण्याचा पंप विजेवर चालतो आणि लाखभर किलोमीटरच्या आसपास दगा देतो, तोही न सांगता. यातली दोन-तीन कामं झाल्याची बिलं मालकाकडे असतील तर ती गाडी महाग वाटली तरी स्वस्त. बिलंच नसतील तर ती कामं तुमची वाट बघतायत.

एसएलकेबद्दल फार सांगायला नाही, आणि तोच तिचा गुण. नाव तीन जर्मन शब्दांची आद्याक्षरं: खेळकर, हलकी, आखूड. २०११ पासूनच्या पिढीतल्या ३५० मध्ये साडेतीन लिटरचं व्ही६, टर्बो नाही, गिअरबॉक्स नेहमीचा सात गिअरचा ऑटोमॅटिक, जो मर्सिडीजच्याच सी आणि ई क्लासमध्येही वापरला गेला, म्हणून ओळखणारे हात मिळतात. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद इंजिनातली साखळी खडखडली तर ती ताणून धरणाऱ्या टेन्शनरचं काम निघालं समजा. सीटच्या मानेपाशी गरम हवा सोडणारी झरोकी असते, थंडीत छत उघडं ठेवून फिरता यावं म्हणून. नागपुरात ती सोय वर्षातून तीन आठवडे कामाची. उरलेला काळ आपल्या मानेला गरम हवा फुकट मिळते.

आणि टीटी. मोटारीवेडी माणसं हिला नाक मुरडतात, ‘उंची कपड्यातली गोल्फ’ म्हणतात. मुरडू द्या. ज्या गोष्टीसाठी ते नाक मुरडतात तीच नागपुरात हिची ताकद. टीटीचं दोन लिटरचं टीएफएसआय, म्हणजे टर्बोवालं पेट्रोल इंजिन ज्या कुळातलं, त्याच कुळातली इंजिनं ऑक्टेव्हिया आणि सुपर्बमध्ये आहेत. स्कोडा आणि ऑडी दोन्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या. टीटी स्वतः तिथे बनली नाही, पण तिचे चुलत-मावस भाऊ तिथलेच. वाडीपासून कामठी रोडपर्यंत ऑक्टेव्हियाचं इंजिन खोललेला मिस्त्री शोधायला अर्धा दिवस पुरतो. टीटी त्याच्याकडे नेली तर पार्टचा डबा आणि स्कॅनर त्याच्याकडे आधीच असतो.

दुखणी हिलाही आहेत. २००९ ते ११ च्या सुमारच्या काही टीएफएसआय इंजिनांना ऑइल पिण्याची सवय आहे, त्यामुळे दोन सर्व्हिसच्या मधे किती टॉपअप लागतं ते विचारायचं. सहा गिअरच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं ऑइल दर ६० हजार किलोमीटरला बदलावं लागतं. अनेक मालक ‘ते लाइफटाइम असतं’ म्हणतात. कोणाच्या लाइफचं ते सांगत नाहीत. क्वाट्रोमुळे चारही टायर सारख्या झिजेचे हवेत, एकच नवा टाकून भागत नाही. आणि कूपेला, म्हणजे पक्क्या छताच्या टीटीला, मागे दोन सीट आहेत खऱ्या, पण त्या १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या माणसांसाठी, म्हणजे भाच्याच्या सहा वर्षांच्या पोरीसाठी. बाकी तिघींमध्ये पोरीला जागाच नाही. हा मुद्दा त्याच्या बायकोने काढला, आम्ही दोघांपैकी कोणी नाही.

आता छताचं. उघड्या छताची गाडी ही नागपुरात हौस कमी आणि वेळापत्रक जास्त. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास, त्या उन्हात काळ्या लेदरवर बसून बघा. जून ते सप्टेंबर पाऊस. उरते दिवाळीपासून होळीपर्यंतची सकाळ आणि संध्याकाळ, सेमिनरी हिल्सची चढण, फुटाळ्याचा एक फेरा. तेवढ्यासाठी पत्र्याच्या छताचे पंप, नळ्या आणि सेन्सर वर्षभर सांभाळायचे. छत डिकीत गेलं की झेड४ची डिकी ३१० लिटरवरून १८० वर येते, एसएलकेची ३३५ वरून २२५ वर. बॉक्स्टरचं छत कापडी, ते डिकी खात नाही. पुढे १५० आणि मागे १३० लिटर कायम. छताच्या खाचेतून पाणी जायला बारीक नळ्या असतात. त्यात धूळ आणि पानं अडकली की पावसाचं पाणी सरळ आत, सीटखालच्या वायरिंगवर. गाडी बघायला जाताना पाण्याची एक बाटली न्या, खाचेत हळूच ओता, चाकाजवळून खाली टपकतं का ते वाकून बघा. मालक जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

स्पीडब्रेकरचं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी आकडा सांगतो. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच हवा, पसरट. आपल्या गल्लीतला लोकवर्गणीचा स्पीडब्रेकर कसा असतो ते आपण जाणतो. या गाड्यांचं पोट जमिनीपासून साधारण बारा-तेरा सेंटीमीटर, स्विफ्टचं सोळाच्या आसपास. गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचं, दुसरा इलाज नाही. जुनी गाडी घेताना म्हणूनच ती लिफ्टवर चढवून चेंबर आणि खालची प्लास्टिकची आवरणं बघायचीच. तिथे ओरखडे असणारच. वेल्डिंगच्या खुणा नकोत.

समृद्धी महामार्ग झाल्यापासून भाच्यासारख्यांना वाटतं, आता अशी गाडी पळवायला जागा झाली. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर काँक्रीट, कारला वेगमर्यादा १२०. चारही गाड्या ती मर्यादा डुलक्या घेत गाठतात. पण उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास धावताना परीक्षा टायरची होते, आणि कमी चाललेल्या स्पोर्ट्‌स कारचा टायर फसवतो. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र म्हातारं. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आठ हजार किलोमीटर चाललेला असला तरी तो समृद्धीवर नेऊ नका. यांच्यात बहुतेक वेळा पूर्ण स्टेपनीही नसते. झेड४ला रनफ्लॅट टायर, पंक्चर झाल्यावर सावकाश ऐंशीएक किलोमीटर जाणारे. बाकीच्यांत बहुधा पंक्चर बुजवणाऱ्या फोमचा डबा. पेट्रोलचंही तसंच. या गाड्या दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल धरून बनल्या, आज पंपावर वीस टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, तेव्हा टाकी भरून गाडी महिनाभर झाकून ठेवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा काटोल रोडला फिरवून आणलेली बरी.

कागदांमध्ये लोक फसतात ते दिल्लीच्या गाडीत. तिकडे पेट्रोल गाड्यांवरच्या १५ वर्षांच्या मर्यादेमुळे वय झालेल्या गाड्या पडेल भावात निघतात, आणि फोटोत त्या चकाचक दिसतात. पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर पुन्हा भरायचा, मग एमएच ३१ किंवा ४९ चं पासिंग. शिवाय इथेही १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण असतंच. २०२२ पासून त्याची फी देशात बनलेल्या मोटारीला ५ हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ४० हजार. आपल्या चौघीही आयातच. वर ग्रीन टॅक्स. विम्यात मात्र एक सुखद गोष्ट आहे. थर्ड पार्टीचा हप्ता गाडीच्या रुबाबावर नाही, इंजिनाच्या आकारावर ठरतो. दीड लिटरच्या वर सगळ्यांना वर्षाला ७,८९७ रुपये, इनोव्हाला आणि बॉक्स्टरला एकच. झीरो डेप्रिसिएशन, म्हणजे पार्टच्या जुनेपणाची वजावट न करता भरपाई, मात्र एवढ्या जुन्या गाडीला सहसा कोणी देत नाही. म्हणजे एक हेडलाइट फुटला तरी अर्ध्याच्या आसपास आपल्या खिशातून.

माझा हिशोब मी ठेल्यावरच कागदी प्लेटच्या मागे करून दिला. तीस लाख असतील तर गाडी बाविसाची बघायची. दीडएक लाख नावावर करण्यात, विम्यात आणि टायरमध्ये जातील. पाच लाख वेगळ्या खात्यात, पहिल्या दोन वर्षांच्या दुखण्यांसाठी. उरलेले दीड म्हणजे झोप. या हिशोबात तिसऱ्या पिढीची टीटी बसली तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या पिढीतली शेवटच्या वर्षांची. छत उघडायची ओढ असेल तर एसएलके ३५०. झेड४ फक्त जाडजूड बिलांच्या फाइलीसह. बॉक्स्टर २००९ नंतरचीच, आणि तीही बजेट वाढलं किंवा बदली मुंबईला झाली तर. भाच्याने प्लेट घडी करून खिशात ठेवली, तर्रीचा डाग असलेली.

राहिला सीटबेल्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि काही तासांत तळघरातल्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. मुंबई, चेन्नईत तर हे होतच असतं. अशा गाड्या धुऊन, पॉलिश करून परत बाजारात येतात. कार्पेट बदलतात, सीट ड्रायक्लीन होतात, इंजिन चकचकीत करतात. सीटबेल्ट मात्र कोणी बदलत नाही. चालकाशेजारचा बेल्ट धरा आणि ओढत राहा, अगदी शेवटपर्यंत, जिथवर रोज कोणी ओढत नाही. गुंडाळीच्या पोटात राहिलेला तो शेवटचा हात-दीड हात पट्टा कोरा काळा हवा. तिथे मातकट रेघ असेल, बोटाला बारीक रेती लागली, वास घेतल्यावर ओल्या पोत्यासारखं वाटलं, तर ती गाडी पाण्यात होती. मग मालक काहीही सांगो.

गेल्या शनिवारी भाचा शंकरनगरला एक टीटी बघायला गेला. पांढरी, एमएच ३१, एकच मालक, किलोमीटर कमी, भावही प्लेटमागच्या हिशोबात बसणारा. मी येतो म्हटलं तर नको म्हणाला, आता मला कळतं. अकराच्या सुमारास त्याचा फोन आला. आवाज दबका.

"मामा, बेल्ट ओढला पूर्ण."

"मग?"

"शेवटची वीतभर माती आहे. बोटाला लागून राहिली."

"मालक काय म्हणतात?"

"धूळ आहे म्हणतात. माणूस चांगला आहे हो. पोहे मागवले त्यांनी माझ्यासाठी."

"तर्री आहे?"

"आहे."

"मग पोहे खा आणि ये."